बर्फाचं लग्न

२६ सप्टेंबर
ठरलं! मशिदीच्या आखूनसाहेबांनी बर्फ वाहणाऱ्या बारा जणांत माझं नाव घातलं — आणि त्या रुस्तमचंही! सख्खा भाऊ म्हणायची लाज वाटते. पाण्याच्या पाळीवरून त्याने माझ्या डोक्यात फावडं घातलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून शब्द नाही.

आखूनसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "नर-मादी बर्फाचं लग्न लावायचं तर वाटेत कुणी चकार शब्द काढायचा नाही, करंडी खाली टेकवायची नाही. नाहीतर बर्फ रुजत नाही. हे दोघे तर आधीच मुके!" सगळे खो खो हसले. हसा लेको!

२८ सप्टेंबर
पाट कोरडा. हिमनदी आणखी वर सरकली आणि तिचं सगळं पाणी दगडमातीच्या बांधामागे तळ्यात अडून बसलंय. खाली जर्दाळूची झाडं वाळतायत. या लग्नाच्या बर्फातून नवी हिमनदी रुजली नाही तर पोरांना गाव सोडावं लागेल. म्हणून जातोय. नाहीतर रुस्तमच्या मागून चालायची हौस नाही मला.

१ ऑक्टोबर
आईचा हा महिना रुस्तमकडे. नदीकाठी त्याच्या छतावर बसली होती जर्दाळू फोडत. पाय गेलेत तिचे, हात चालू. "ये की, मिठाचा चहा टाकायला सांगते." त्याच्या घरात? मेलो तरी नाही! रस्त्यावरूनच बोललो.

२ ऑक्टोबर
नर बर्फ पलीकडच्या खोऱ्यातून आला. काळपट. मादी आम्ही फोडली, आमच्या हिमनदीची. वर डोंगरात खड्डा खणून ठेवलाय, दोन्ही त्यात एकत्र पुरायला उद्या निघायचं.

३ ऑक्टोबर
रुस्तम पुढे, मी मागे. तळ्याला वळसा घालताना दिसलं — बांधाच्या मधोमध गढूळ पाण्याची धार. मनगटाएवढी. काल नव्हती!

ओरडायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं! मग वाटलं, बारा जणांची मेहनत वाया जाईल, आणि हा जन्मभर सांगत फिरेल — मुरादने गावाचं वाटोळं केलं. दोन तासांत खड्ड्याशी पोचू, मग सांगू. मिटलं तोंड.

तासाभराने खालून प्रचंड आवाज आला. सगळे थबकले. आखूनसाहेबांनी हाताने खूण केली — चला. आणि आम्ही चाललो! बर्फ पुरला, वर कोळसा आणि भुसा घातला. मग बाराही जण एकदम बोलायला लागले.

४ ऑक्टोबर
नदीकाठची चार घरं नाहीत. वहिनी दोन्ही पोरं घेऊन वर पळाली. आईला उचलायला घरात पुरुष नव्हता.

७ ऑक्टोबर
आई सापडली नाही. लोक म्हणतात, खुदाची मर्जी. मी मान हलवतो. बायको म्हणते, "आता तरी जा त्याच्याकडे! दगड आहात का?" कुठल्या तोंडाने जाऊ?

९ ऑक्टोबर
रुस्तम दारात आला. आत ये म्हटलं, आला नाही. म्हणाला, "ती धार मीही पाहिली होती, मुराद. वाटलं, तू मागे आहेस — तू ओरडशील."