आजोबांनी ठेवून घेतलेले पुस्तक

तीर्थरूप बाबांना थोरलीचा साष्टांग नमस्कार.

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. एक, आपल्या घराण्याचा इतिहास शोधण्यासाठी मी बारा तारखेला तीन दिवसांकरिता गावी येत आहे. दोन, तिथल्या दोन्ही ग्रंथालयांना रीतसर पत्रे धाडली आहेत. तीन, मोठ्या ग्रंथालयाच्या दप्तरात आजोबांचे नाव सापडले, तेही साठ वर्षे पुस्तक परत न केल्याबद्दल! ग्रंथपालबाई फोनवर म्हणाल्या, "ताई, आधी आमचं पुस्तक आणा, मग जुने कागद दाखवते."

हे तेच पुस्तक, ज्याच्या समासात तुम्ही आपली सारी वंशावळ लिहून ठेवली आहे. शाळेत पुस्तक परत करायला चार दिवस उशीर करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी फैलावर घेते. आता तिथे कोणत्या तोंडाने जाऊ?

वंशावळ घरात राहावी म्हणून आईला त्यातली पाने फाडू देऊ नका. तुमच्या हाताची थरथर कमी आहे ना?

पुस्तक परत करायचे की नाही, हे लेखीच कळवा. फोनवर तुम्ही विषय बदलता.