बुधवारच्या टाळ्या

बुधवार, ८ जानेवारी २०२५

आकडा ऐकून माझा घास हातातच राहिला! शंतनुभाऊ कोट सावरत उभे राहिले आणि म्हणाले, "या आठवड्यात आपल्या ग्रुपमुळं साडेचार लाखांचा धंदा झाला." एका आठवड्यात! टाळ्या थांबेनात. त्यांचं फर्निचरचं दुकान. माझं लाकडी घाण्याचं करडईचं तेल. मी उभी राहून काय सांगितलं? "बबितानं दोन डबे नेले." बबिता फ्लेक्स छापते, माझ्या शेजारीच बसते. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटली.

पावसाळ्यापासून येतेय या ग्रुपात. दर बुधवारी अंधारात उठायचं, गंगाखेडहून परभणी गाठायची. हॉटेलच्या हॉलमध्ये सगळे छोटे धंदेवाले, नाश्ता, प्रत्येकानं एक मिनिट आपला धंदा सांगायचा. मग कोणामुळं किती धंदा झाला ते मोठ्यानं सांगायचं. मला शंतनुभाऊंनीच आणलं. प्रदर्शनात माझ्या स्टॉलवर थांबले, तेल बोटावर घेऊन चाखलं. "ताई, माल एक नंबर हाय. तुमाला कोणी ओळखत न्हाई, तेवढंच कमी हाय."

खरंच होतं ते.

रविवार, १२ जानेवारी

सासूबाई आज पुन्हा सुरू झाल्या. "बाप्यांच्यात बसून इडल्या खायला पैसे भरायलीस व्हय गं?" त्यांना कसं सांगू, इडल्यांसाठी नाही भरत. आमचे हे, नागनाथ, जेवताना हळूच म्हणाले, "मार्चमधी पुन्हा फी भरायची हाय. तेवढ्यात तेल गाळायचं नवं यंत्र येतंय. बघ बाई."

बघतेय. शंतनुभाऊंना जमतं तर मला का नाही? माझंच बोलणं कमी पडत असेल.

बुधवार, १५ जानेवारी

गिऱ्हाईक एकही नाही. उपमा मात्र चांगला होता.

शनिवार, २५ जानेवारी

 आल्या आल्या वही काढली.

मावसभाऊ महारुद्रनं पाथरीत घर बांधलंय. पलंग, कपाटं, सोफा, सगळंच घ्यायचंय त्याला. मी म्हणाले, माझ्या ओळखीचं दुकान आहे, चल. मनातून लय खूश! पहिल्यांदा मी कोणाला तरी मोठं गिऱ्हाईक देणार होते, ते पण शंतनुभाऊंना. फोन मुद्दाम केला नाही. अचानक जाऊन उभं राहायचं ठरवलं.

शटर बंद. वरचा बोर्ड काढलेला. शटरवर कागद चिकटवलेला — 'दुकान भाड्याने देणे आहे'.

शेजारी सायकलवाला पंक्चर काढत होता. त्याला विचारलं. "ते? दिवाळीपासून बंद हाय की. माल बी उचलून नेला."

दिवाळीपासून! आणि साडेचार लाख? तो कोट? त्या टाळ्या?

महारुद्र म्हणाला, "अंबिका, तू नेमकी कोणाकडं जातीस गं दर बुधवारी?" मी शटरवरचा कागद पुन्हा वाचला.

परत आल्यावर शंतनुभाऊंना फोन लावला, दुकान बघून आले म्हणून सांगितलं. म्हणाले, "गेलात व्हय तिकडं?"  मग — "ताई, घरी माहीत न्हाई. रोज डबा घेऊन निघतो. स्टेशनवर बसतो, कधी कोर्टाच्या आवारात. बुधवारी तेवढं लोक मला शेठ म्हणतात. कोणाला सांगू नका."

नाही सांगणार, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बुधवार, २९ जानेवारी

माझ्या नावावर!

शंतनुभाऊ उभे राहिले, हसले, हात माझ्याकडं केला. "अंबिकाताईंनी पाथरीचं आख्खं घर दिलं. दोन लाख ऐंशी हजार!" सगळ्यांच्या माना माझ्याकडं. टाळ्या. अध्यक्षांनी माझ्या कोटाला — कोट कुठला, माझ्या पदराला बिल्ला लावला.

आणि मी हात जोडले. हात जोडले मी!

गुरुवार, ३० जानेवारी

राहवलं नाही. बबिताला फोन केला. शंतनुभाऊंचं नाव घेतलं नाही, एवढंच विचारलं, "लोक आकडे खरे सांगतात का गं?"

ती हसायलाच लागली. "अंबिका, पाच हजाराचं काम झालं की मी पन्नास सांगते. नसता अध्यक्ष म्हणतात, तुमी नुसतं बसायलाच येता का? सगळेच फुगवतात. तुला माहीत न्हवतं?"

नव्हतं! एवढे दिवस मी स्वतःलाच नावं ठेवत होते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काय करून बसले मी.

आज एक नवी मुलगी आली होती, शिवकन्या. देवगाव फाट्याची, पापड करते. चहा घेताना म्हणाली, "बचत गटातून उचलून फी भरणार हाय, ताई. इथं लय धंदा होतो म्हणे." मी कपातच बघत राहिले.

मग सभेत तिनं सरळ विचारलं, "खरंच येवढा धंदा होतो का?" शंतनुभाऊ म्हणाले, "अंबिकाताईंना विचारा की. परवाच दोन लाख ऐंशी हजाराचं दिलं त्यांनी."

ती माझ्याकडं बघत होती. डोळे अगदी भरवशाचे.

मी उभी राहिले. "न्हाई होत. माझ्या नावावरचा आकडा खोटा हाय. मला इतक्या दिवसांत मोजकी गिऱ्हाईकं मिळाली, त्यातली निम्मी याच हॉलमधली."

कोणीतरी मागून ओरडलं, "मग शंतनुभाऊंनी माल विकला कोणाला?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. "दुकान दिवाळीपासून बंद हाय."

मीच बोलले ते! शब्द दिला होता, तरी बोलले.

 शंतनुभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. नाश्ता तसाच टाकून निघून गेले. मग बबिता उठली, "माझेही आकडे खोटेच असतात." तिच्यामागं आणखी दोघं उठले. अध्यक्ष लाल झाले, बैठक मोडली. शिवकन्या पैसे तसेच पर्समध्ये घेऊन गेली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अध्यक्षांचा फोन. "तुमी ग्रुपचं नाव खराब केलं. येऊ नका." नागनाथ म्हणाले, "सुटलीस! यंत्र घेऊ." सासूबाईंनी तर चक्क शिरा केला.

शिवकन्याचाही फोन आला. "ताई, वाचवलंत मला." तिला म्हणाले, तुझे पापड माझ्या तेलाशेजारी ठेव, बघू काय होतं. बरं वाटलं. शंतनुभाऊंना तीनदा फोन लावला, उचलत नाहीत. पण जे झालं ते योग्यच झालं. खोट्यावर कोणाचाच धंदा उभा राहत नाही. त्यांनाही आता घरी खरं सांगावं लागेल, मोकळे होतील.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शंतनुभाऊंच्या बायकोचा फोन आला. अर्पिता नाव. आवाज अगदी शांत.

"भांडायला फोन न्हाई केला, ताई. मला दिवाळीतच कळलं होतं. जागेच्या मालकानं सांगितलं. मी कळल्याचं दाखवलं न्हाई. रोज डबा भरत राहिले. ग्रुपची फी मागितली तवा काहीबाही कारण सांगितलं त्यांनी. मी न विचारता दिली, शिवणाच्या पैशातून. आठवड्यातून तेवढा एकच दिवस हौसेनं उठून दाढी करायचे."

मग म्हणाली, "आज बुधवार हाय. भिंतीकडं तोंड करून पडलेत, उठंनात."