बेहड्याच्या झाडापर्यंत

२ मार्च १९७८, गुरुवार

आज हे आपणहून बोलले. एकोणीस दिवसांनी. "हो", "नको", "ठेव तिथे" याला मी बोलणं धरत नाही. नजर परत येणार नाही असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून मागच्या खोलीत आहेत. दार लोटलेलं, खिडकी बंद. ताट आत न्यायचं, रिकामं बाहेर आणायचं. पुष्कळदा भरलेलंच.

सकाळी तमण्णाचं कार्ड आलं. यांच्या हाताखालचा जुना फॉरेस्ट गार्ड, दांडेलीकडचा. मी मोठ्याने वाचलं. साहेबांचा बेहडा उभा आहे. धनेश पक्षी औंदा पुन्हा ढोलीत बसलाय. साहेबांनी एकदा येऊन बघावं.

यांनी कार्ड मागून घेतलं, बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "तू जा."

मी हसले. हे हसले नाहीत.

"बघून ये आणि मला सांग. मग मी काही मागणार नाही."

हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. दिवसभर डोक्यातून जात नाही.

४ मार्च

नवी पेठेत कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, "कुणाच्या मापाचे? नातवाच्या?"

"माझ्या."

त्याने माझ्या पाचवारीकडे पाहिलं. "बाई, शर्यत हाय व्हय कुटं?"

"हो," म्हटलं. म्हणताना बरं वाटलं.

घरी लेस बांधताना लहानपणीची सिस्टर आग्नेस आठवली. दोघीदोघींची रांग करून कॉन्व्हेंटच्या बागेत नेचर वॉक. पुस्तकात रॉबिन होता, बागेत साळुंकी. आम्ही साळुंकीकडे बघत वहीत रॉबिन काढायचो. मला दहापैकी नऊ.

९ मार्च

तळ्याची अर्धी फेरी. छातीचा भाता. गजरेवालीने पाणी दिलं. नियम ठरवला: दोनशे पावलं चालायची, मग उभं राहून शंभर आकडे म्हणायचे.

कुमुद पुण्याहून आली, यांच्याजवळ राहायला. "आई, तुला गच्चीचा जिना चढवत नाही. आणि जंगल!" लेकीचं खरं आहे.

हे बारा वर्षं त्या जंगलात होते, राज्यं वेगळी होऊन इकडे बदली होईपर्यंत. मी इथे. शाळेतली नोकरी, कुमुद, सासूबाईंचं दुखणं. यांच्या दर पत्रात, "एकदा ये." माझ्या दर उत्तरात एक कारण. सगळी खरी होती. जळवांची भीती वाटते, हे मात्र कधी लिहिलं नाही. आणि दर उत्तराखाली ता. क.: अक्षर सुधारा.

१४ मार्च, तमण्णाच्या घरी

हुबळीची गाडी, मग दोन बस. अंग आंबून गेलंय. तमण्णा काटकुळा, केस पांढरे, हातात कोयता. पाया पडला आणि माझ्या मागे बघत राहिला. हेही उतरतील असं त्याला वाटलं होतं. येतेय म्हणून टाकलेल्या कार्डात मी डोळ्यांचं लिहिलं नव्हतं. सांगितलं. कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "तर मग तुमीच नीट बघा बाईसाब. लई नीट."

जळवांचं विचारलं. "त्या पावसाळ्यात. आता कुटल्या!"

बारा वर्षांतला निम्मा काळ उन्हाळा-हिवाळाच होता की.

१५ मार्च, दुपार

दगडावर बसून पेन्सिलीने लिहितेय. पहाटे निघालो. पायाखाली वाळलेला सागाचा पाला, एकेक पान ताटाएवढं. पापड मोडल्यासारखा आवाज. पहिल्या चढालाच दोनशेची शंभर झाली, मग पन्नास, आता वीस. ओढ्यात घसरून बसले. साडी चिखलाने जड. टाचेला फोड.

"अजून किती, तमण्णा?"

"हे काय, आलंच की री."

हे सकाळपासून आठव्यांदा.

मघाशी रडूच आलं. म्हटलं, मला जमत नाही, परत चला. तमण्णा वाद घालत नाही. म्हणाला, "बसा जरा. साहेब बी हितंच बसायचे. ह्याच दगडावर. तुमाला पत्र लिहायचे."

मला वाटायचं, बंगल्यात टेबल असेल. दिवा, टाक, दौत.

गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय. कितीही केलं तरी वाकडंच येतंय.

उठते. वीस पावलं.

१६ मार्च

काल पुढे लिहिणं झालं नाही. पोहोचल्यावर हात उचलत नव्हता, आणि काय लिहायचं तेही कळत नव्हतं.

बेहडा. आधी मला तो दिसलाच नाही. समोर भिंत आहे असं वाटलं, राखाडी. मग नजर वर गेली. वर, आणखी वर. मान मागे टाकून बघताना तोल गेला, तमण्णाने धरलं. पहिली फांदी आमच्या गच्चीच्या तिप्पट उंचीवर असेल. आत उन्हाचे कवडसे, बाकी हिरवा अंधार. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये मी आपोआप हळू बोलायची, तसंच झालं.

तमण्णाने कुजबुजत सांगितलं. तोडायच्या झाडाला हातोड्याने छाप मारायचा, ते काम साहेबांचं. खोक्यांच्या लाकडासाठी ठेकेदाराला हाच बेहडा हवा होता. साहेबांनी हातोडा उचलला, वर पंख वाजले, साहेबांनी हातोडा खाली घेतला. वहीत लिहिलं, झाड पोकळ. ठेकेदार बुंधा ठोकून म्हणाला, साहेब, भरीव वाजतंय की. "साहेब म्हणाले, मला पोकळ ऐकू येतंय!" तमण्णा तोंडावर हात धरून हसला. यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि मी अक्षर बघत होते?

खोडात उंचावर ढोली. तोंड मातकट लिंपणाने बंद. फक्त एक उभी फट, बोटभर रुंद.

"आत बाई हाय," तमण्णा म्हणाला. "सोताच दार लिंपून बसती. अंडी, पिल्लू, सगळं आत. हा भाईर. रोज आणून चारतो."

"किती दिवस?"

"तीन महिने धरा."

"आणि याला काही झालं तर?"

त्याने पाला सारून मला बसायला जागा केली.

तासभर काही नाही. डास. पायात गोळे. आणि मग आवाज. ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून झटकावं तसा, एकामागून एक, आभाळातून जवळ येणारा. तो आला. केवढा! काळे-पांढरे पंख, पिवळी वाकडी चोच, तिच्यावर आणखी एक शिंगासारखं. एवढा अवजड जीव, पण फटीशी बसला तो अलगद. गळ्यातून एक उंबर वर आणलं. चोचीच्या टोकात धरलं. फटीतून दुसरं टोक आलं. नुसतं टोक. घेतलं, गेलं.

पुन्हा उंबर. पुन्हा. मी सतरा मोजली, मग मोजणं सुटलं. घाई नाही. आत आहे का, घेते का, शंका नाही.

तो उडून गेल्यावर तमण्णा म्हणाला, "बसा बाईसाब, परत यील." मी उभीच होते, मला माहीत नव्हतं.

१९ मार्च, सोलापूर

कुमुदने पाय शेकले. टाच पाहून रडली, मग रागावली.

दुपारी ताट घेऊन मागच्या खोलीशी गेले. दाराशी जरा वेळ उभी राहिले.

सगळं सांगितलं. पाला, ओढा, दगड. त्या दगडावर बसून मीही वही काढली, म्हटलं. हे म्हणाले, "त्याची एक बाजू टोचते." मी म्हटलं, "उजवी."

"फट कुठल्या अंगाला?"

"उगवतीच्या."

"मग तीच ढोली." ताटातली भाकरी चाचपून तुकडा मोडला. "उंबर एकदम देतो की एकेक?"

"एकेक."

"बरोबर."

सगळं जेवले. मला इतक्या दिवसांची विनवायची सवय, मी म्हटलं, "आता बाहेर चला ना थोडं. मी हात धरते."

"तिचं लिंपण ती आतून फोडते," हे म्हणाले. "बाहेरून कुणी फोडलं तर फुकट जातं सगळं."

पक्ष्याबद्दलच बोलत असावेत. मी पुन्हा "चला" म्हटलं नाही.

२७ मार्च

कुमुद गेली. रोज दुपारी तेच सांगायचं. काल मी ओढा विसरले तर म्हणाले, "घसरलीस ते राहिलं." तमण्णाला कार्ड टाकायला सांगितलं. धनेशाची मादी बाहेर आली की कळव.

८ एप्रिल, शनिवार

तमण्णाचं उत्तर नाही. पोस्टमन येऊन गेला.

चारच्या सुमारास आतून आवाज, "इथून कडुनिंबापर्यंत किती पावलं?"

"मोजली नाहीत."

"जंगलभर मोजत गेलेली बाई, अंगण मोजलं नाही म्हणते!"

मी जागची हलले नाही. दार आतून उघडलं. भिंतीला हात लावत, मोठ्याने मोजत आले. एक, दोन, तीन. अकराव्याला उंबरा लागला. तिथे थांबले. चौकटीला धरून. तोंडावर ऊन होतं. माझे हात पुढे जात होते, पदरात गुंडाळून धरले.

बराच वेळ.

मग वळले आणि मोजत परत गेले. अकराच.

आत बसल्यावर विचारलं, "माझ्या चपला कुठे आहेत?"

कुमुदने माळ्यावर टाकल्या होत्या. काढल्या, फडक्याने पुसल्या. उंबऱ्याच्या बाहेर ठेवल्यात, पावलाला लागतील अशा. शेजारी माझे बूट.