काटा सत्तरावर येईपर्यंत

४ मार्च, मंगळवार

दुरुस्ती. काल लिहिलं की पेटीतला काटा ५२ वर होता. चूक. तो ५० वर होता. मी खुर्चीत बसल्या बसल्या तिरकं वाचलं. काट्यासमोर सरळ उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि मगच आकडा म्हणायचा, हे बाबांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं आहे. वजनमाप खात्यातल्या निरीक्षकाची मुलगी तिरकं वाचते हे कुणाला कळलं तर? वही कुलपात ठेवणे.

दुसरी दुरुस्ती. 'दादाने बाबांच्या निवृत्तीनिमित्त प्रेमाने पेटी पाठवली' असंही लिहिलं आहे. 'प्रेमाने' खोडलं. ज्या माणसाची फुप्फुसं डॉक्टरीणबाईंना आवडलेली नाहीत, त्याला सिगार आणि वर सिगार ठेवायची पेटी पाठवणं याला वेगळा शब्द आहे. तो मी लिहिणार नाही.

पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. आतून सुगंधी लाकूड, झाकणात हवेतली ओल मोजणारा गोल मीटर. आतली हवा ओलसर राहिली की सिगार मऊ राहतात. पण नवी पेटी कोरडी ठणठणीत. तिच्यात लगेच सिगार ठेवले तर लाकूडच त्यांची ओल पिऊन टाकतं. म्हणून आधी लाकडाला पाणी पाजायचं, काटा ७० वर आणायचा. एवढी सरबराई आमच्याकडे आजारी माणसाचीही होत नाही.

बाबांनी शनिवारी डॉक्टरीणबाईंना शब्द दिला: पेटीचा काटा सत्तरावर येईपर्यंत एकही सिगार ओढणार नाही. त्यांना वाटलं विनोद आहे. त्यांना आमचं घर माहीत नाही. आमच्याकडे आकड्यावर दिलेला शब्द मोडत नाहीत.

२४ तारखेला बाबांची नळीत फुंकायची टेस्ट आहे. प्लॅन असा: पेटी मी तयार करणार. पेटीबरोबरच्या पत्रकात दोन आठवडे लिहिले आहेत, मी तीन लावणार. तोवर टेस्ट होईल, सवय सुटेल. यात खोटं काही नाही. फक्त सावकाश.

५ मार्च, बुधवार

ऑफिसातून येताना केमिस्टकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं. नळाचं चालत नाही, बुरशी येते. त्याने विचारलं, इस्त्रीसाठी का? मी हो म्हणाले. कोपऱ्यापर्यंत गेले, परत फिरले आणि सांगितलं की इस्त्रीसाठी नाही, सिगारसाठी. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. केमिस्टने मला वरून खालपर्यंत पाहिलं. हकनाक अब्रू गेली, पण हिशेब चोख राहिला.

ओल्या फडक्याने पेटी आतून पुसली, आत बशीभर पाणी ठेवलं. लाकडाला पेन्सिलीच्या भुशासारखा वास आहे, तो ठीक. सिगारना मात्र ओल्या पोत्यात झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा. पेटी होईपर्यंत ते आईच्या हवाबंद डब्यात ठेवले आहेत. आई म्हणाली, "तो डबा गेला. त्याच्या नावाने आंघोळ."

हात दोनदा धुतले. तिसऱ्यांदा साबण बदलून.

७ मार्च, शुक्रवार

काटा ५६. फार उडतोय. बशीतलं पाणी निम्मं केलं. (बशी किती भरायची ते पत्रकात नाही. पुन्हा पाहिलं. नाही.)

बाबा पेटीभोवती घुटमळतात, दुधाभोवती मांजर तसे. "काय म्हणतोय काटा, मास्तरीणबाई?" मी खरा आकडा सांगते. ते मान हलवतात आणि रिकाम्या तोंडाने पेपर वाचतात.

जेवताना म्हणाले, सिगारचा धूर आत घेतच नाहीत, नुसता तोंडात खेळवतात, डॉक्टरांना यातलं कळत नाही. आई म्हणाली, "मग गोटी खेळवा. एकदाच विकत घ्यावी लागते."

९ मार्च, रविवार

काटा ६२. इंजिनकाका आले. खालच्या मजल्यावर राहतात. जिन्यात आधी खोकला येतो, मग धूर, मग काका. शर्टाच्या खिशात कालचा अर्धा सिगार होता. एक टोक चावून चावून भिजलेलं, काळं, केसाळ. तो त्यांनी आमच्या बशीत ठेवला. चहाच्या. मग बशीतून उचलून पुन्हा तोंडात. मी बिस्किट खात होते. होते.

म्हणाले, "एवढं काय चाललंय? ओला स्पंज टाक आत, उद्या सत्तर!" मी सांगितलं, घाई केली तर लाकूड फुगतं आणि झाकण बसत नाही. हे खरंच आहे. बाबा म्हणाले, "तिच्या कामात बोलू नकोस. तिला कळतं."

मला आनंद वगैरे झाला नाही. कान गरम झाले, ते उकाड्याने.

काका गेल्यावर बशी उकळली. महत्त्वाचं: बाबा आज भाजीच्या दोन पिशव्या घेऊन जिना न थांबता चढले. प्लॅन उत्तम चालला आहे.

१२ मार्च, बुधवार

काटा ६४. सोमवारपासून तिथेच ठाण मांडून. छान.

एकच गोष्ट. मीटर मी तपासलेला नाही. बाबा दुकानांत जायचे तेव्हा वजनाआधी काटा तपासायचे. 'मापाआधी मापाची परीक्षा.' मला हे पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलं होतं. पण ही पेटी बाबांची, मीटर दादाचा. मी निरीक्षक नाही. तपासायची काहीच गरज नाही.

१३ मार्च, गुरुवार

तपासणार नाही.

संध्याकाळी: बाटलीच्या झाकणात मीठ ओलं करून मीटरबरोबर पिशवीत बंद करून ठेवलं. ओल्या मिठाशेजारची बंद हवा नेहमी ७५ वर थांबते; मीटर खरा असेल तर उद्या तेच दाखवेल. ठेवलं म्हणजे वाचलंच पाहिजे असं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

वाचलं. सरळ उभं राहून, एक डोळा मिटून. ६९.

म्हणजे मीटर सहाने कमी दाखवतो. म्हणजे ६४ म्हणजे ७०. म्हणजे पेटी सोमवारीच तयार झाली.

टेस्टला अजून दहा दिवस. शांतपणे विचार केला. बाबांचा शब्द 'काटा सत्तरावर येईपर्यंत' असा होता. हवा सत्तरावर आहे, काटा नाही. शब्दशः पाहिलं तर मला काही सांगायची गरज नाही. विषय संपला.

जेवण गेलं नाही. आईने विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हणाले. मग म्हणाले, पोट नाही. मग काय ते सांगता येईना, म्हणून पुन्हा पोट म्हणाले. एका दिवसात दोन दुरुस्त्या.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं. चहा होत होता. मीठ, पिशवी, ६९, सगळं. बाबांनी मीटर हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला. डोळे ओले झाले. म्हणाले, "खात्यात असतीस तर अर्धा बाजार सील केला असतास!" आणि डब्यातला एक सिगार काढून पेटवला.

आई खिडक्या उघडत म्हणाली, "आली सत्याची पुतळी."

नैतिक विजय माझा आहे. पडद्यांना वास लागला.

१७ मार्च, सोमवार

नवी व्यवस्था. सिगार डब्यातून पेटीत, पेटीची किल्ली माझ्याकडे. रोज एकच सिगार, संध्याकाळी सहाला, माझ्या हातून. म्हणजे लगाम माझ्या हातात. बाबा लगेच कबूल झाले. इतक्या लगेच का झाले ते कळलं नाही.

किल्ली आहे तर देखभालही नीट हवी. करायचं तर नीट, नाहीतर हात लावू नये, हेही बाबांचंच. खालचे सिगार वर, वरचे खाली केले. एकावर पांढरा केसाळ ठिपका. बुरशी! फेकणार होते. पण माझ्या पेटीत बुरशी? मऊ ब्रशने हळूहळू साफ केला. ब्रश पावडर लावायचा होता. त्याच्या नावाने आंघोळ.

२० मार्च, गुरुवार

इंजिनकाका रोज सहाला हजर. आलेल्या माणसासमोर एकट्याने ओढणं बरं दिसत नाही, म्हणून रोज दोन निघतात. काका थोडा वेळ बसतात आणि बाबांना एकट्याने शेवट करणं बरं वाटत नाही, म्हणून तीन. नियम तोच आहे, माणसं वाढली आहेत.

काका म्हणाले, "आधी वाळका पाला ओढायचो. आता लोणी! पोरीच्या हाताला गुण आहे." किळसवाणा माणूस. त्यांना कोपऱ्यातला नीट मुरलेला काढून दिला.

पूर्वी बाबा अर्धा सिगार टाकून द्यायचे. आता बोटं भाजेपर्यंत ओढतात. नासाडी थांबली, एवढं श्रेय मी घेते.

दादाचा फोन. विचारलं, आणखी पाठवू का? मी त्याला चांगलं फैलावर घेतलं, लाज वाटते का म्हणाले. मग विचारलं केवढे लांब आहेत, कारण वरच्या कप्प्यात लांब बसत नाहीत.

२४ मार्च, सोमवार

टेस्ट. दवाखान्याच्या जिन्यावर बाबा तीनदा थांबले. प्रत्येक वेळी भिंतीवरची सूचना वाचतोय असं दाखवलं. तिसऱ्यांदा थांबले तिथे सूचनाच नव्हती.

फुंकले. पुन्हा फुंकले. डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे वळवला. गेल्या वेळेपेक्षा बराच खाली. त्यांनी विचारलं, रोज किती? बाबांनी खरा आकडा सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरात यांना देतं कोण?"

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही. पेटी हिच्याच ताब्यात आहे. काटा सत्तरावरून हलू देत नाही."

त्यांचा आवाज धापेमुळे तुटत होता, पण अभिमान स्पष्ट ऐकू आला. आई भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. केमिस्टसारखं.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "मीटर सहाने कमी दाखवतो. ते आम्ही धरतो."

२६ मार्च, बुधवार

बाबांना आडवं झालं की दम लागतो. खुर्चीत बसून झोपतात. तरी सहाच्या सुमाराला डोळे उघडतात आणि माझ्या हाताकडे बघतात. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

माझ्या बोटांना आता तोच वास येतो. ओलं पोतं, म्हातारं कुत्रं. आज ऑफिसात शेजारच्या बाईंनी न बोलता खिडकी उघडली. पेटीची शिसारी आली आहे. काकांची, दादाची, माझ्या किल्लीची.

ठरलं. पेटी सिगारसकट कचऱ्याच्या गाडीत. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ताच टाक की! माझा डबाही टाक."

आत्ता कसं? गाडी रविवारी सकाळी येते. आणि पेटीतल्या बशीचं पाणी शनिवारी बदलायचं आहे, ते न बदलता ठेवली तर एका दिवसातही लाकूड कोरडं पडायला लागतं. करायचं तर नीट.

तेव्हा शनिवारी पाणी. आणि पेटी बाहेर: रविवार, ३० मार्च, सकाळी दहा वाजता.