दिवेलागणीनंतरचा केर

३ बहमन १३५२ फसली (डिसेंबर १९४२), सोमवार. मुरूम.
सकाळी दवंडी झाली. घरामागचे उकिरडे आठ दिवसांत गावकुसाबाहेर न्यावेत. मेलेला उंदीर दिसल्यास हात लावू नये, पोलीस पटेलांना कळवावे. उमरग्याकडे गाठीचा ताप, प्लेग, आहे म्हणतात. आमचा उकिरडा धान्याच्या कोठीला लागूनच. अण्णांना म्हटलं, हलवू. म्हणाले, चैत्रात गाड्या लावून रानात नेऊ; आत्ता हलवला की शेजारचा ती जागा दाबेल. मग दवंडीचं काय, विचारलं. ते दुकानाकडे निघाले.
बायकोला, गौराला, सातवा महिना. ओटी भरून माहेरी, जळकोटला, धाडायचं. मुहूर्त पुढच्या सोमवारचा.

५ बहमन, बुधवार
माझ्यापुरतं सुरू केलं. राख वेगळी, भांड्यांना. सालं-देठं म्हशीला. उरलेला केर टोपल्यात भरून मळ्यात नेतो. तिथं चर खणलाय, त्यात टाकून वर माती. गौरा पहाटे टोपलं भरून ठेवते. आज वाटेत कासीम चाचा शिंपी ओट्यावरून म्हणाले, "क्या बेटा, सोना लेको जारा क्या?" ओट्यावरचे सगळे हसले. अण्णांच्या कानावर गेलं. आडत्याच्या मुलानं डोक्यावर केर वाहायचा म्हणजे... ताटावरून उठले.
उद्याही नेणार.

६ बहमन, गुरुवार
दिवे लागल्यावर कोठीच्या दारात उंदीर. मेलेला. गौरा झाडत होती, केरात ओढला गेला तेव्हा दिसला. मी बाहेर टाकायला निघालो तर आई, अव्वा, आडवी आली. दिवेलागणीनंतर केर उंबऱ्याबाहेर गेला की लक्ष्मी जाते. तिच्या सासूच्या काळापासून या घरातून गेलेला नाही. केर उंदरासकट कोपऱ्यात सारला, वर टोपलं पालथं घातलं. सकाळपर्यंत असाच राहणार.
अण्णांनी दिवा जवळ नेऊन पाहिलं. "मांजरानं मारला असंल." अंगावर दाताची खूण नव्हती. मीही पाहिलं.

७ बहमन, शुक्रवार
उठलो तर कोपरा झाडून स्वच्छ. गौरानं तो केर हातानंच सुपलीत भरून उकिरड्यावर टाकला, वर राख पसरली. राख पसरायला अण्णांनी सांगितलं. मी चिडलो तर हसली. "रोजचा केर भरतेच की मी. त्यात एक उंदीर." हात धुतलेस का? राखेनं धुतले म्हणाली.
पटेलांकडे जातो म्हटलं. अण्णांनी दुकानात नेऊन दार लोटलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. कळवलं की घर खाली करतील, छताचं माळवद उकरतील, आडतीला कुलूप. ते सोसू. पण जळकोटला कळलं तर गौराला कोण घरात घेईल? पहिलं बाळंतपण कुठं करायचं? "सोमवारी ती जाऊ दे. मंगळवारी म्याच जातो पटेलाकडं."
बरोबर वाटलं. अजून वाटतंय.

८ बहमन, शनिवार
कोठीत आणखी निघाले. किती ते लिहीत नाही. अण्णांनी स्वतः पुरले, उकिरड्यातच.
गौरा गाठोडं बांधतेय. दुपटी, टोपडी, हळकुंडं. तिच्या भावाची, शिवाप्पाची, लहान लहान मुलं आहेत. ती सगळी हिच्या अंगावर येऊन पडणार. मुलांची नावं सांगत होती मला. मी ऐकत नव्हतो. तिला काही लागलेलं असलं तर...

१० बहमन, सोमवार
शिवाप्पा गाडी घेऊन आला. बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली. मी वेशीबाहेर जाऊन गाडी तिथंच थांबवली. सांगितलं सगळं. त्यानं कासरा आवळून धरला. मग म्हणाला, "दाजी, तुमी बोलला नसता तर म्या नेली असती. आता कशी नेऊ? घरात लेकरं हायती." बहिणीसाठी आणलेलं लुगडं आणि फराळाची डालगी माझ्या हातात दिली. गाडी वळवली.
गौरा ओटी भरून उंबऱ्यात उभी. गाडी कुठं आहे, तिनं विचारलं. सांगितलं. आत गेली, गाठोडं सोडलं, एकेक वस्तू परत जागेवर ठेवली. दुपटीसुद्धा घडी घालून.
अण्णा म्हणाले, "बायकूचा वैरी हायस तू."
तसाच पटेलांकडे गेलो.

१२ बहमन, बुधवार. मळा.
कालपासून झोपडीत. घराला कुलूप, माळवद उकरलं. घासलेट मिळत नाही म्हणून उकिरड्यावर तुराट्या टाकून पेटवला. धुमसतोय अजून, धूर इथून दिसतो. आमच्या मागोमाग गल्लीतली बाकीची घरंही निघाली. उंदीर त्यांच्याकडेही पडले होते. कुणीच बोललं नव्हतं. कासीम चाचांची झोपडी पलीकडच्या बांधाला. केराचा चर किती खोल घ्यायचा, विचारायला आले होते. दाखवला. आज हसले नाहीत.
दवाखान्याचे लोक सुई टोचायला आले. आम्ही टोचून घेतली. गौराला अव्वानं टोचू दिली नाही. "ब्याडा, टोचू नगा, पोटातल्याला बाधंल." मी जोर करायला हवा होता. पण गौरा माझ्याकडे बघतही नव्हती, मी काय म्हणणार?

१३ बहमन, गुरुवार
गौराला सकाळपासून कणकण. रानात थंडी फार, बांधावरून वारं थेट येतं. तेच असेल.
दुपारी आपणहून बोलली, सोमवारनंतर पहिल्यांदा. "शिवाप्पानं लेकरांना काय सांगितलं असंल, आत्या का आली न्हाय म्हणून?" मी तिच्या अंगावर घोंगडी घातली. मग तीच म्हणाली, "बरं झालं न्हाय गेले ते." हे रागानं म्हणाली का कसं, कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.
तिन्हीसांजेला ताप चढला. अण्णा गाडी जुंपून डॉक्टरला आणायला उमरग्याला गेलेत. अव्वा कपाळावर अंगारा लावून बसलीय.
गौरा उजवा हात अंगापासून लांब धरून ठेवते. दोनदा विचारलं. दळून दळून काख भरून आलीय म्हणते.
इथं आल्यापासून पीठ मामांच्या वस्तीवरून येतंय. जातं घरीच राहिलं, कुलपाच्या आत.