फावडं कुणी धरायचं

बाबा, परवा मी एका म्हाताऱ्या माणसापुढे फावडं धरलं आणि सांगितलं, हे मी करणार नाही, तुम्ही करा. माणूस नारायण पेठेतला, बँकेतून निवृत्त झालेला, उन्हाळ्यातही पायात मोजे घालणारा. तुम्ही तिथे असतात तर माझा दंड धरून मला मागे ओढलं असतं आणि दबक्या आवाजात म्हणाला असतात, "काहून रे पोट्ट्या, साहेबाले असं बोलते का?" तुमचा आवाज मला तेव्हा खरोखर ऐकू आला. तरी मी फावडं खाली केलं नाही.

पण आधी मी काय करतो ते सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी काहीच करत नव्हतो. शाळा आठवीतच सुटली होती, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. पुण्यात आलो, गॅरेजमध्ये राहिलो, कंटाळलो. मांडववाल्याकडे गेलो, तिथेही कंटाळलो. मग मोठमोठ्या इमारतींत थंड हवेचे पत्र्याचे बोगदे बसवतात ना, त्या कामावर लागलो आणि तिथे पहिल्यांदा मला काहीतरी बघत राहावंसं वाटलं. हवा दिसत नाही, पण तिला कुठे जायचंय ते तिचं ठरलेलं असतं. आपण फक्त वाट करून द्यायची. तेही सोडलं, सवयीप्रमाणे. आता वारज्याला एका शेडमध्ये आहे. शेड एका ताईंची, त्या शिकलेल्या इंजिनिअर. तिथे आम्ही संडास बनवतो. तोंड फिरवू नका बाबा, ऐका पुढे.

या संडासाला पाणी लागत नाही. खाली दोन कप्पे असतात. एक वापरायचा, तो भरला की बंद करून दुसरा उघडायचा. बसून झालं की वरून मूठभर लाकडाचा भुसा नाहीतर वाळलेला पाला टाकायचा. लघवी वेगळ्या नळीने बाहेर केळीच्या आळ्यात जाते. धुवायला बाजूला वेगळी जागा, ते पाणीही कप्प्यात जाऊ द्यायचं नाही. बंद केलेला कप्पा वर्षभर तसाच ठेवला की आत जे असतं त्याची माती होते. आणि वासाचं म्हणाल तर मागच्या बाजूला एक काळा पाइप असतो, सरळ वर गेलेला. उन्हाने तो तापतो, आतली हवा गरम होऊन वर चढते आणि जाताना कप्प्यातली हवा ओढून नेते. तिच्या जागी नवी हवा वरून, बसायच्या भोकातून, खाली शिरते. म्हणजे वास वर यायचा प्रश्नच नाही. पंखा नाही, वीज नाही. रात्री ऊन नसतं तेव्हा नुसता वारा पाइपच्या तोंडावरून जाता जाता तेच काम करतो.

हे वाचायला सोपं आहे, जमायला नव्हतं. पहिला संडास उभा केला तेव्हा पाइप छपराच्या कडेला मीच कापला, दिसायला नीटनेटका दिसावा म्हणून. वारा छपरावरून उतरायचा आणि पाइपातली हवा परत आत दाबायचा. ताईंनी दार उघडलं, नाकाला ओढणी लावली आणि म्हणाल्या, "वा! हवा खेळती आहे. फक्त उलटी खेळते." मग आम्ही पाइप छपराच्या सगळ्यात उंच टोकाच्याही वर नेला, रुंद केला, तोंडाला माश्यांसाठी जाळी लावली. ताई कागदावर आकडे मांडायच्या, मी शेडच्या फरशीवर खडूने काढायचो, आणि दोघांचं भांडण पत्रा कापून मिटायचं. शेवटी मी भोकाशी उदबत्ती धरली. धूर वर जायला निघाला, थबकला, आणि वळून खाली गेला. सगळाच्या सगळा. बाबा, मी तिथे एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही गटारं उपसून कामावरून येताय. आई दाराबाहेर बादली आणि लाल साबण ठेवते. मी पळत येतो आणि तुम्ही दोन्ही हात वर करता, जसा काही मी बंदूक घेऊन आलोय. "हात नको लावू! आंग धुऊ दे." आंघोळ होते, डोक्याला तेल लागतं, मग तुम्ही चुलीपाशी बसून मला मांडीवर घेता, आणि तरीही मधूनच स्वतःच्या बोटांचा वास घेऊन बघता. तुम्हाला वाटायचं कुणाचं लक्ष नाही. एकदा आमचा चेंडू गटाराच्या उघड्या चेंबरमध्ये पडला. बाकीची पोरं माझ्याकडेच बघायला लागली. मी पालथा पडून हात घातला आणि नेमके तुम्ही मुकादमाबरोबर तिकडून आलात. मुकादम हसला. "शिकून ऱ्हायला धंदा," म्हणाला. तुम्ही मला घरापर्यंत मारत आणलंत. आयुष्यात एकदाच. आणि रात्री जेवायला बसल्यावर ताटाकडे बघत म्हणालात, "माह्या मागं ह्या घरात कोनी फावडं उचलनार नाई. नाई शिकला तरी चालीन. उपाशी राह्यला तरी चालीन. हो म्हन." मी हो म्हटलं. तोंडात घास होता.

तुम्ही गेलात तेव्हा नगरपरिषदेने वारसाची नोकरी देऊ केली. तुमच्याच जागेवर, पक्की. मुकादम स्वतः घरी आला होता. आईला वाटलं, संकटात देव धावला. मी नाही म्हटलं आणि पिशवी भरली. आई चौकटीत उभी राहून म्हणाली, "पक्की नोकरी लाथाडून चालला. पुन्यात काय सरकार तुले खुर्ची देनार हाय?" मी तिला तुमचं ते जेवतानाचं सांगितलं. ती म्हणाली, "मेलेल्या मान्साले पोट नसते." बरोबरच होतं तिचं. तरी मी निघालो.

परवाचं आता सांगतो. त्या मोजेवाल्या काकांची खडकवासल्याच्या मागे डोंगराच्या उतारावर जागा आहे, तिथे छोटं घर बांधलंय. समोर अख्खं धरण दिसतं आणि घराला नळ नाही, टँकर चढत नाही, पाणी डब्यांनी गाडीतून आणावं लागतं. टाकीचा संडास बांधला असता तर पाझर उतारावरून धरणाकडेच गेला असता. काका पहिल्या भेटीत म्हणाले होते, "नको. आमचंच आमच्या नारायण पेठेतल्या नळाला यायचं." म्हणून आमचा संडास त्यांनी घेतला. शेजारच्या जागावाल्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं, काकांचा नीट चालला तर आम्हीही घेऊ.

बसवताना सगळं समजावलं होतं. तरी पहिल्या उन्हाळ्यात फोन आला, "अहो इंजिनिअर, तुमचा पाइप बहुतेक झोपलाय. या आणि उठवा." मी गेलो. उदबत्ती लावून बघितली, पाइप जागा होता. काका म्हणाले, "संडासाला ओवाळणारा पहिलाच माणूस बघतोय." आणि मला कोपऱ्यात फिनाईलचा डबा दिसला. रोज सकाळी बादलीभर पाणी आणि झाकणभर फिनाईल थेट कप्प्यात! पुण्याची स्वच्छता. मी म्हटलं, "काका, आतलं सगळं मारलंत तुम्ही." ते म्हणाले, "संडासात जंतू मारायचे असतात, एवढं मला कळतं." "या संडासात पाळायचे असतात." त्यांनी डबा उचलून काकूंकडे दिला, जसा काही तो काकूंनीच आणला होता. मी पोतंभर भुसा आणि पाला ओतला. पुढे तो कप्पा भरला, बंद केला, वर्ष गेलं. पण आत माती झाली की फिनाईलने सगळं तसंच राहिलं, ते ना ताईंना माहीत होतं, ना मला.

मग काकांचा फोन ताईंना आला, "ते काढायला माणूस कधी पाठवताय?" ताई फोन ठेवून म्हणाल्या, "पहिलंच गिऱ्हाईक आहे रे. एकदा काढून देऊ. तुला नको तर मी काढते." मी म्हटलं, "तुम्ही काढलंत तरी तेच. बाहेरचा माणूस आला की आपला संडास हरला. मग साध्या टाकीत काय वाईट होतं?" त्या म्हणाल्या, "आणि गिऱ्हाईकच गेलं तर?" फावडं आणि घमेलं गाडीला बांधून मी एकटा गेलो.

तिथे शेजारचे दोघे जागावालेही हजर. काकांनी खुर्च्या मांडलेल्या, जसा काही कार्यक्रम आहे. मी बंद कप्प्याच्या मागच्या दाराचे नट सैल केले आणि फावडं काकांपुढे धरलं.

"म्हणजे? मी?"

"सांगितलं होतं काका. ज्याचं त्याने काढायचं."

"ते बोलण्यापुरतं असेल असं वाटलं. अहो, वर्षातून एकदा माणूस पाठवायला काय हरकत आहे? त्याचं काय असेल ते देऊ ना."

"कोणता माणूस?"

ते अडखळले. "असतात ना ते... नगरपालिकेचे वगैरे."

"माझे वडील होते नगरपालिकेत," मी म्हटलं. "ते आता नाहीत."

बाबा, हे मी ठरवून बोललो नाही. पण बोललो. शेजारच्यांपैकी एक जण धरणाकडे बघायला लागला. काका चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा, मला कुणाला दुखवायचं नाही. पण मला हे जमणार नाही. तुमचा संडास काढून न्या, मी टाकी बांधून घेतो." मी तसाच उभा. माझे हात भरून आले होते, आणि खोटं कशाला सांगू, एक वेळ वाटलं, उचलावं, पटकन काढून मोकळं व्हावं. शेजारच्यांची गिऱ्हाइकी वाचेल, ताईंची शेड चालेल. कुणाला कळणार आहे?

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या. पदर खोचलेला. "सरका," म्हणाल्या आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. काका म्हणाले, "अहो, तुम्ही काय करताय?" काकू म्हणाल्या, "मुलांचं काढलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचं काढलं. तेव्हा नाही कुणी माणूस पाठवला." आणि वाकल्या. त्या वाकल्यावर काका उठले. "द्या इकडे. तुमची कंबर धरली की महिनाभर मलाच ऐकावं लागेल." त्यांनी मोजे काढले, घडी करून खुर्चीवर ठेवले, नाकाला रुमाल बांधला. मी दार उघडलं.

माती होती, बाबा. काळी, मोकळी, मधूनमधून पाल्याच्या शिरा अजून दिसणारी. फक्त एका कोपऱ्यात, जिथे बादली ओतली जायची तिथे, ओला गोळा राहिला होता. तो आम्ही तसाच आत सोडला, भुशाखाली. काकांनी एक घमेलं भरलं, दुसरं भरलं, मग रुमाल खाली ओढून वास घेतला आणि फसवल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "याला तर कसलाच वास नाही." काकूंनी आंब्याच्या रोपाकडे बोट दाखवलं. तो धरणाकडे बघणारा गृहस्थ जवळ येऊन पाइपची उंची विचारायला लागला.

तुम्हाला दिलेला शब्द मी पाळला. फावडं उचललं नाही, आणि माझा संडास असा केलाय की त्यात कुणालाच कधी उतरावं लागणार नाही. उतरायला जागाच ठेवली नाही. हे मी कुणाहीपुढे, तुमच्याहीपुढे, मान वर करून सांगेन.

हे घरी पाठवणार नाही. आई शेजारच्या पोरीकडून वाचून घेईल आणि म्हणेल, तेच करायचं होतं तर पक्की नोकरी काय वाईट होती. तिला मी सांगितलंय की फायबरची दारं बनवतो. खोटं नाही ते, दारंही बनवतोच.

एक मात्र तिलाही सांगता येत नाही आणि तुम्हाला तर त्याहून नाही. सगळे चहाला गेले तेव्हा मी घमेल्यात हात घातला. उघडा हात, मनगटापर्यंत. बघायला हवं होतं असं नाही, माती झालीय ते दिसतच होतं. नंतर हात धुतला, पण लगेच नाही. मला आवडलं, बाबा. हे काम मला आवडतं.