पाकिटावरचं नाव

मुरुम, मंगळवार संध्याकाळ

धाकट्या भावाच्या लग्नाच्या पत्रिका आज छापून आल्या. अक्षर चांगलं म्हणून पाकिटांवर नावं घालायचं काम आमच्याकडं अक्काचंच. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लहानपणी पोलिओनं पाय गेलेली. पत्रिका उघडून तिनं खालच्या नावांवरून बोट फिरवलं. परत एकदा फिरवलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. चुलते, आत्या, मेव्हणे, सगळे आहेत. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून माझ्या सहा महिन्यांच्या पिंट्याचंही नाव आहे. अक्काचं नाही.

छापायच्या आधी तपासलं कुणी? मीच. पिंट्याचं नाव राहिलं होतं, ते आठवणीनं घातलं तेही मीच. आणि मी ऑनलाइन एम.ए. करतोय, दिव्यांगांचे हक्क हा विषय घेऊन. कालच स्वाध्याय पाठवला. आपल्या आसपास कुणाला वगळलं जातं, असा प्रश्न होता. सरकारी कचेरीला नुसत्या पायऱ्याच आहेत, चाकाच्या खुर्चीला वाट नाही, यावर मी चार पानं लिहिली. अक्का तेव्हा शेजारच्याच खोलीत होती.

"अक्का, चुकलं माझं. परत छापून घेतो."

"ऱ्हाऊ दे की. वाचतंय कोण एवढं?" म्हणाली आणि पाकिटं पुढ्यात ओढली. मग काम संपेपर्यंत मान वर केली नाही. नावांवरून फिरणारं ते बोट काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता गठ्ठा बांधायला घेतला, तर सगळ्यात वरच्या पाकिटावर तिच्याच वळणदार अक्षरात तिचंच नाव. खाली पत्ता आमच्या घराचा.